लाल काटा आणि सुलभाताई

सुलभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजूरला ऑफिसात होतो. भाचा म्हणाला, झोपेतच गेली. सुलभाताई माझी मोठी बहीण. कळंबला शाळेत विज्ञान शिकवायची, जुनी गाडी स्वतः चालवायची. लोक तिला धीट म्हणत. मी मात्र तिला भ्यालेली पाहिली आहे.

कापसाचे फार वाईट दिवस होते ते. बोंडअळीसाठी जहाल औषधं फवारत लोक, तोंडाला नुसतं फडकं बांधून. मी सुट्टीत ताईकडे गेलो होतो. दुपारी तांड्यावरचा गणपत बायकोला उचलून दारात आला. शेवंता फवारता फवारता पडली होती. तोंडाला फेस, डोळे अर्धवट उघडे. गावातल्या डॉक्टरांनी यवतमाळला न्यायला सांगितलं होतं, आणि ॲम्ब्युलन्सचा पत्ता नव्हता. ताईने किल्ली घेतली.

गाव मागे पडतं न पडतं तोच गाडीचा तापमानाचा काटा थेट लाल खुणेवर गेला. इंजिन खरंच उकळत असेल तर पुढे जाऊन ते जाम होणार, आणि थंड व्हायची वाट पाहावी तर... मागे शेवंताचं डोकं मांडीवर घेऊन गणपत म्हणाला, "बाई, श्वास लय हळू चालून राह्यला."

ताईने गाडी थांबवून बॉनेट उघडलं. वाफ नव्हती. रेडिएटरच्या जाड पाइपला तिने हात लावला. "कोमट हाय." फडकं धरून झाकण जपून फिरवलं, पाणी काठोकाठ. मग तिने इंजिनवरच्या सेन्सरची तार ओढून काढली. काटा खाली पडला.

"तार काढल्यावर काटा पडला, म्हंजे तार बरोबर हाय. सेन्सरच बिघडला वाटते."

"वाटते?" मी विचारलं.

तिने तार तशीच सोडून बॉनेट लावलं. आता तर इंजिन खरोखर उकळलं असतं तरी काटा हलणार नव्हता. स्टिअरिंग धरताना म्हणाली, "जळका वास आला तर सांग. अन् बोलत राह्य. मले लय भेव वाटून राह्यलं."

मी बोलत राहिलो. लहानपणचं, बाबांच्या रागाचं, काय वाट्टेल ते. प्रत्येक चढावर जळका वास येतो का ते हुंगत होतो. मागे शेवंताची घरघर मध्येच थांबायची, तेव्हा मीही थांबायचो. ताई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणायची, "बोल ना."

पोचलो. शेवंताला आत नेलं आणि ताई दवाखान्याच्या पायरीवर बसली. पाण्याचा पेला मीच तिच्या तोंडाशी धरला. शेवंता पुष्कळ दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी गेली. सेन्सर बदलल्यावर काटाही नीट चालू लागला. पण नंतर कितीही चांगला रस्ता असला, तरी मी शेजारी बसलो की ताई म्हणे, "बोलत राह्य."

तेरवीला शेवंता आली, फोटोसमोर नुसती बसून राहिली. राजूरला परतताना ताईची गाडी मीच चालवत आणली. कळंब मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं, मी केव्हाचा मोठ्याने बोलतो आहे... शेजारची सीट रिकामी होती. तरी गप्प बसायचा धीर झाला नाही.