पूजेला मांडलेली जॅकेटं

आमच्या बोटीचे किस्से इतके साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच घुसतो.

चारकोपचे आम्ही तिघे मित्र. रविवारी गोराईच्या खाडीत फिरायला एक जुनी फायबरची बोट घेतली. पेडणेकर कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. पहिल्याच दिवशी तो लाइफ जॅकेटं, शिट्ट्या, ट्यूब, आग विझवायचा सिलिंडर, सगळं घेऊन हजर! सुधीरने विचारलं, "माणसं काय दुसऱ्या खेपेला न्यायची?"

*

शिट्टी संकटात वाजवायची असते. सुधीर ती काठावरच्या ऑम्लेटवाल्याला ऑर्डर द्यायला वाजवायचा. एकदा ओहोटीत बोट चिखलात रुतली. तिघांनी जीव खाऊन शिट्ट्या फुंकल्या. ऑम्लेटवाल्याने लांबूनच हात हलवला आणि अंडी फोडायला घेतली!

*

सुधीरच्या बायकोची, मनीषावहिनींची अट होती: निघण्याआधी जॅकेट घातलेला फोटो पाठवायचा. सुधीर इमानदारीत फोटो पाठवायचा, मग जॅकेट काढून त्यावर आरामात बसायचा. पेडणेकर ओरडला की म्हणायचा, "पोहता येतं रे मला."

*

दसऱ्याला वहिनींनी घरी जॅकेटंही पूजेला मांडली. हळदकुंकू, झेंडूची फुलं. पूजेतल्या वस्तूंना आज हात लावायचा नाही, असं बजावलं. पेडणेकर गावी गेलेला. दुपारी सुधीर आणि मी एकच फेरी मारू म्हणून निघालो. त्या दिवशी वहिनींनी फोटो मागितला नाही.

गुंतलेली दोरी सोडवायला सुधीर उभा राहिला, तेवढ्यात लाट आली. डोकं बोटीच्या काठावर आपटून तो पाण्यात पडला. मी ट्यूब फेकली. पण ती धरायला माणूस शुद्धीत लागतो. गोराईच्या कोळ्यांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं. मला अजून त्याचा राग येतो, आणि त्याच्याशिवाय रविवार नकोसा होतो.

*

अस्थी खाडीतच सोडायचं ठरलं. बोटीत चढण्याआधी पेडणेकरने जॅकेटं वाटली. वहिनींनी स्वतःचं घातलं. मग उरलेलं एक उचललं, अस्थींच्या कलशाला गुंडाळलं, पट्टे घट्ट ओढले आणि बकल लावलं. कलश मांडीवर घेऊन बसल्या.

खोल पाण्यात इंजिन बंद केलं. वहिनी कलश तसाच मांडीवर धरून बसल्या. शेवटी पेडणेकरच म्हणाला, "वहिनी, जॅकेट काढावं लागेल."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं.

"भावजी, हे तुम्ही सांगताय?"