जेवणाच्या सुट्टीतले माइक

युनिटमध्ये त्याला सगळे कानसेन म्हणत. ध्वनिमुद्रकाच्या कामात केस पिकले, पण नटांच्या कपड्यांआड माइक लावताना त्याने कधी कुणाला अवघडू दिलं नाही. पडद्यावर आईची कामं करणाऱ्या आक्का तर म्हणायच्या, "याचा हात म्हणजे डॉक्टरचा हात." लोकांच्या या विश्वासावर त्याचं पोट चालायचं, आणि मनातून त्याला त्याचा अभिमानही होता.

दिग्दर्शक साहेबांची आणि त्याची जोडी पहिल्या चित्रपटापासूनची. एका टेलिफोन ऑपरेटर बाईला मंत्र्याच्या खुनाचा कट कळतो आणि तिच्यावर कुणी विश्वासच ठेवत नाही, अशी ती गोष्ट. थिएटरबाहेर रांगा लागल्या. तेव्हापासून साहेबांनी दुसरं काही काढलंच नाही, कटामागून कट. पुढचे दोन चालले, मग एकेक आपटायला लागले. जन्मभर कट रचणाऱ्याच्या डोक्यात संशयाचं भूत शिरलं नसतं तरच नवल! प्रत्येक नटाला फक्त त्याच्यापुरती पानं मिळायची, शेवट कुणालाच ठाऊक नसायचा. खरं सांगायचं तर मागच्या खेपेला तो प्रेक्षकांनाही कळला नव्हता.

या वेळचा शेवट मात्र चित्रीकरण चालू असतानाच वर्तमानपत्रात छापून आला. साहेबांनी कानसेनला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"जेवणाच्या सुट्टीत माइक बंद करायचे नाहीत. कोण काय बोलतं, मला कळलं पाहिजे."

"साहेब, लोक घरचं बोलतात हो तेव्हा."

"मग तू का घाबरतोस?"

इकडे आड, तिकडे विहीर. नाही म्हणावं तर संशय आपल्यावरच येणार. कानसेनने मुकाट मान डोलावली आणि आठवडाभर जेवण सोडून कानाला हेडफोन लावून बसला. ऐकू काय आलं? आक्कांचे गुडघे. खलनायकाच्या मुलीचं मोडलेलं लग्न. आणि साहेबांचा सख्खा मेहुणा, म्हणजे युनिटचा कॅमेरामन, टेबलाशी बसून स्वतःच्या बायकोच्या घोरण्याची नक्कल करत होता. कानसेनला हसू फुटायचं आणि पाठोपाठ स्वतःचीच लाज वाटायची.

"तुमच्याबद्दल एक अक्षर नाही, साहेब," त्याने येऊन सांगितलं.

"एक अक्षर नाही? अख्ख्या आठवड्यात?" साहेबांचा चेहरा पडला. शिव्या ऐकू आल्या असत्या तर बरं वाटलं असतं बिचाऱ्यांना. मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे त्यांना कळलंय माइक चालू आहेत ते. हा मेहुण्याचाच उद्योग. उद्या त्याला काढतो."

यावर काय बोलणार? बोलले तर कट, नाही बोलले तर त्याहून मोठा कट! कानसेन आणि कॅमेरामन वीस-बावीस वर्षं एका टेबलावर जेवलेले. आपल्या तोंडच्या खऱ्या शब्दावर त्याची नोकरी जाणार, हे काही कानसेनला गिळवेना.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होताच तो टेबलाशी गेला आणि सरळ सांगून टाकलं, "आठवडाभर हे माइक चालू होते. साहेबांनी ठेवायला लावले होते. जपून बोला." मग कॅमेरामनकडे वळून म्हणाला, "आणि साहेब आज तुला काढणार आहेत."

आक्कांनी पदराआडून माइक काढला आणि त्याच्याकडे न बघता टेबलावर ठेवला. मग बाकीच्यांनीही काढले.

मेहुण्याने लगोलग बहिणीला, म्हणजे साहेबांच्या बायकोला, फोन लावला, आणि साहेबांपुढे तिचंच चाललं. नोकरी वाचली. साहेबांचंही बिघडलं काहीच नाही. कानसेनच्या पाठीवर थाप मारत ते म्हणाले, "बघ, माइकचं फोडणारा घरभेदी निघालाच की नाही? तूच तो! माझा अंदाज कधी चुकत नाही!" इतके खूश ते कित्येक वर्षांत दिसले नव्हते.

कानसेनने ताट घेतलं आणि कॅमेरामनशेजारी जाऊन बसला.

"तुझ्यासाठी सांगितलं रे मी."

"सांगितलंस ते चांगलंच केलंस," कॅमेरामन म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच कानसेनला जास्त लागलं. "पण मला एक सांग. त्याने मला काढायचं ठरवलं नसतं, तर आजही ऐकतच बसला असतास ना?"

कानसेन ताटातली पोळी मोडत राहिला. कॅमेरामनने आपलं ताट उचललं आणि तो दुसऱ्या टेबलावर गेला.