सुट्टीत काढलेले दात

विश्रामबागच्या दातांच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी माझ्या मुलीच्या, सानिकाच्या दोन्ही जबड्यांचा फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडला. पेनाच्या टोकाने त्यांनी वर दोन आणि खाली दोन जागा दाखवल्या. मी विचारलं, मग हे दात येणार कधी? त्या म्हणाल्या, "येणार नाहीत. ते तयारच झालेले नाहीत."

या फोटोला ओपीजी म्हणतात. तोंडाभोवती एक मशीन फिरतं आणि आलेले दात, हाडात वाट बघत असलेले दात, सगळे एकाच चित्रात दिसतात. काही दुखत नाही. जे निघालं त्याचं नाव हायपोडोन्शिया, म्हणजे काही कायमचे दात जन्मापासूनच नसणे. सानिकाचे वरचे, पुढच्या दोन मोठ्या दातांशेजारचे दोन नव्हते आणि खाली दोन्ही बाजूंची एकेक दाढ नव्हती.

ती तेव्हा साडेअकरा वर्षांची होती. खुर्चीत आडवी पडून ती सगळं ऐकत होती आणि मॅडम आणि मी तिच्या डोक्यावरून बोलत होतो.

पुढचं लिहिताना मला माझीच लाज वाटते. पण तुमच्या घरी सात-आठ वर्षांचं मूल असेल, तर वाचा.

मी फौजेत सतरा वर्षं काढली. गाव पलूसजवळ, घरचा ऊस. वर्षातून दोनदा सुट्टी. सानिकाचा पहिला दात हलायला लागला तेव्हा मी घरी होतो. शिलाईच्या दोऱ्याचा फास टाकला, तिला गोष्ट सांगता सांगता ओढला, तिला कळलंसुद्धा नाही. मग तिला खांद्यावर बसवून तो दात गोठ्याच्या कौलांवर टाकला. नवा लवकर यावा म्हणून आमच्याकडे असा टाकतात. तेव्हापासून घरात ठरूनच गेलं की दात पप्पाच काढणार.

त्यानंतरचे दात ती माझ्यासाठी राखून ठेवायला लागली. पेरू दुसऱ्या बाजूने चावायची. माझी बायको सुरेखा फोनवर सांगायची, "आवं, दात लय हलतोय, पण तुमी येईस्तवर पडू देत न्हाई." मी बराकीत हे सगळ्यांना कौतुकाने ऐकवायचो. लोकांची पोरं बापाकडे खाऊ मागतात, माझी पोर माझ्यासाठी दात ठेवते, याचा मला फार गर्व होता.

ती आठ वर्षांची असतानाच्या सुट्टीत वरचा, मोठ्या दाताशेजारचा उजवीकडचा दात काढला. तो नीट हलत होता. निघायच्या आदल्या दिवशी ती पुन्हा दोरा घेऊन आली आणि डावीकडचा दाखवून म्हणाली, "पप्पा, ह्यो पण काढा. परत तुमी कवा येणार?"

मी बोटाने हलवून बघितलं. तो जेमतेम हलत होता. मला कळत होतं की हा अजून पडायचा नाही. तरी मी दोरा बांधला. पहिल्या झटक्याला आला नाही. दुसऱ्या झटक्याला आला, रक्त आलं, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसली. दोघांनी तो कौलावर टाकला. दुसऱ्या दिवशी मिरजेला गाडीत बसलो तेव्हा मी खुशीत होतो.

नवे दात काही आले नाहीत. घरी विचारलं की माझी आई म्हणायची, "येत्यात की. दात कुटं जात्यात?" आम्हीही तेच म्हणत राहिलो. व्हिडिओ कॉल केला की सानिका मोबाइल असा धरायची की मला फक्त कपाळ आणि डोळे दिसायचे. मी ओरडायचो, फोन नीट धर. पोरीला मोबाइल धरता येत नाही असं मला वाटायचं. ती तोंड लपवत होती. हे कळायला मला रिटायर होऊन घरी यावं लागलं. घरी आलो तर ती तोंडावर हात ठेवून बोलत होती आणि शाळेत भाषणाला उभी राहायची बंद झाली होती. मग विश्रामबाग गाठलं.

मॅडमनी विचारलं, वरचे दुधाचे दोन दात कसे पडले? मी म्हणालो, मी काढले. हलत होते का? मी म्हणालो, एक हलत होता. तेवढ्यात खुर्चीतून सानिका बोलली, "दुसरा मीच काढायला लावलावता."

मॅडम रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "खाली कायमचा दात नसेल तर दुधाचा दात बऱ्याचदा टिकतो, कधी कधी खूप वर्षं. तुमचे टिकले असते की सुळे येताना पडले असते, हे आता कुणीच सांगू शकत नाही." यातलं निम्मंच, दुधाचा दात टिकतो एवढंच, मी घरी घेऊन गेलो.

मग त्यांनी मलाही तोंड उघडायला लावलं. माझा वरचा एक दात लहान आहे, खुंटीसारखा. भरतीच्या मेडिकलला त्याच्याकडे कुणी बघितलंही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, हे घराण्यातून येऊ शकतं, यात कुणाची चूक नसते. म्हणजे पोरीला द्यायचे दात मी दिले नाहीत, आणि होते ते उपटले.

दोन दिवसांनी मी शिडी लावून गोठ्यावर चढलो. कौलं नीट करतोय असं आईला सांगितलं. एकेक कौल उचलून बघितलं. पालापाचोळा निघाला, फुटका चेंडू निघाला. दात सापडले असते तर काय करणार होतो, ते विचारू नका. खाली सानिका उभी होती. तिने एकदाही विचारलं नाही की मी काय शोधतोय.

आता निर्णयाचं. वरच्या फटींसाठी मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. पहिली, फटी तशाच राखायच्या, सध्या काढता-घालता येणारे दात वापरायचे आणि जबड्याची वाढ पुरी झाली की, अठरा वर्षांनंतर, इम्प्लांट करायचं. इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर बसवलेला दात. दुसरी, तारा लावून मागचे सुळे पुढे ओढायचे, त्यांना घासून आणि भरून शेजारच्या दातांसारखा आकार द्यायचा. दिसायला थोडा फरक राहतो, पण दात स्वतःचे असतात. दुसऱ्या वाटेची वेळ आत्ताच होती, सुळे अजून यायचे होते.

घरात महिनाभर हाच विषय. सुरेखाला इम्प्लांट हवं होतं. पोरीचं लग्न ठरवताना दात सरळ दिसले पाहिजेत, असं तिचं म्हणणं. आई म्हणाली, भावकीत कुणाला कळू देऊ नका. मला फक्त सगळं पूर्वीसारखं व्हायला हवं होतं, आणि ते कुठल्याच वाटेत नव्हतं. पुढच्या खेपेला मॅडमनी आम्हाला गप्प बसवलं आणि सानिकाला विचारलं, तुला काय वाटतं? तोंडावर हात धरूनच ती म्हणाली, "मला माजंच दात पायजेत. लोखंडाचं नको."

सुरेखा बाहेरच्या बाकावर बसून रडली. मी बाटलीतलं पाणी दिलं. पण ठरलं ते पोरीच्या म्हणण्यासारखंच.

खालच्या दोन दुधाच्या दाढा मॅडमनी जपायला सांगितल्या. त्यातल्या एकीला कीड होती. दुधाचीच तर आहे, पडेल आपोआप, म्हणून आम्ही सोडून दिली होती. ती भरून त्यावर स्टीलची टोपी बसवली. पंचविशीपर्यंत टिकतील, तिशीपर्यंत टिकतील, नाहीतर आधीच पडतील. तेव्हाचा निर्णय तिचा ती घेईल. तुम्हाला एवढंच सांगतो, बरोबरीच्या पोरांचे दात आले आणि तुमच्या पोराचे आले नाहीत, तर येतील येतील म्हणत बसू नका. फोटो काढा, आणि तोवर दोऱ्याला हात लावू नका.

कायमचे सुळे पुढे सरकायला हवेत म्हणून आता दुधाचे सुळे जायला हवे होते. डावा हलत होता. मॅडम म्हणाल्या, घरीच पडला तर उत्तम, नाहीतर पंधरा दिवसांनी मी काढते.

रविवारी दुपारी सानिका दोरा घेऊन अंगणात आली. मी म्हणालो, आपण दवाखान्यात जाऊ. तिने मोबाइलवर तो फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि माझ्यापुढे धरला. "ह्ये बघा. ह्याच्या खाली हाय."

मला फास टाकता येईना. तिनेच आरशात बघून दोरा बांधला आणि टोक माझ्या हातात दिलं. नीट हलतोय ना, असं मी तीनदा विचारलं. मग ओढला. लगेच आला. तिने चूळ भरली आणि माझ्याकडे बघून हसली. तीन दातांची जागा रिकामी दिसत होती आणि तिचे दोन्ही हात खाली होते.

"चला, कौलावर टाकू," ती म्हणाली.

मी म्हणालो, आता कशाला? खालचा दात तर फोटोत दिसतोय.

"दातासाठी कुटं टाकायचो आपण?" ती म्हणाली. "दात पडला की तुमी घरी असायचा, म्हणून."

तिला उचलायला वाकलो तर ती म्हणाली, मी आता मोठी झाले. आम्ही दोघं चालत गोठ्याकडे गेलो.