सासऱ्यांची बादली

संशयावर दिवे लागत असते, तर माझ्या सासऱ्यांनी एकट्याने त्यांच्या नारायणगुड्यापासून माझ्या मलकपेठेपर्यंत उजेड पाडला असता. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून ते निवृत्त झाले आणि पोरांवर खर्चून उरलेला संशय त्यांनी माझ्या दुकानावर काढला. बाजार नुकता मोकळा झाला होता. रोज नव्या कंपनीचा गीझर, नवा मिक्सर येई. मी हातगाडीवर बल्ब विकत मलकपेठेत दुकान उभं केलेला माणूस. घाऊक व्यापाऱ्याला रडवून माल आणायचो. "इतका स्वस्त दिला म्हणजे आतून काहीतरी काढून घेतलं असणार," हे मामांचं कौतुक.

वस्तूवर छापलेले वॅट म्हणजे त्यांच्या लेखी आरोपीची जबानी. पाणी तापवायचा नवा रॉड आला की भर गिऱ्हाइकांत ते बादलीत पाणी मोजून घालत, थर्मामीटर सोडत आणि घड्याळ लावून बसत. पाणी किती, किती अंशांनी तापलं, यावरून त्यात गेलेली ऊर्जा काढायची. तिला सेकंदांनी भागलं की रॉडची खरी ताकद. हे सगळं वर्गात शिकवल्यासारखं मोठ्यानं.

"पंधराशे लिहिलंय, चौदाशे भरले. शंभर वॅट कुठे गेले, जावईबापू?"

"थोडे बादलीनं खाल्ले, थोडे हवेनं. गळती असतेच की, मामा."

"असेल. हवा तुमच्या ओळखीतली नाही ना, एवढंच बघतोय."

हातात रॉड घेतलेल्या गिऱ्हाइकानं तो खाली ठेवला. "सेठ, घर के बड़ेच कम बोलरें, तो हम कायकू लेना?"

माझं डोकं फिरलं. दुकानाची पायरी पुन्हा चढू नका, असं मी मामांना सगळ्यांदेखत सुनावलं. ते बादली रिकामी करून निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात नारायणगुड्याची माणसं येऊ लागली. घासाघीस न करता त्याच रॉडकडे बोट. मला हा काहीतरी डाव वाटला. शेवटी एका बाईंना विचारलंच. "सरांनी चार दुकानांत बादली लावली. बाकीचे बाराशेच्या वर जाईनात. म्हणाले, घ्यायचा तर जावयाकडचा घ्या."

तसाच उठून मामांकडे गेलो. "मग त्या दिवशी दुकानात का नाही बोललात?"

"तुम्ही भाव वाढवला असता."

वाढवलाच असता. तरी चारचौघांत खाली घालावी लागलेली मान मी विसरलेलो नाही. मामा जाऊन इतकी वर्षं झाली तरी नाही. अजूनही तिकडचं एखादं म्हातारं माणूस येतं, नव्या गीझरच्या खोक्यावर हात ठेवून विचारतं, "सरांनी मोजलाय ना?"

"नाही," म्हणतो. मग त्या गिऱ्हाइकाशी भाव करताना माझा आवाज काही चढत नाही.