गोदाक्काच्या खाटेवर

"...आयाबाईनं आयाबाईसारखं राहावं!" ट्यूटरबाई ओरडल्या.

"आणि शिकवणारीनं डोळे उघडे ठेवावेत!" मी त्यांच्याहून वर ओरडले.

आमच्या दोघींच्या मधे, खाटेवर, जानी झोपली होती. भरदुपारी, गणवेशात, चपलांसकट!

"हिचं नाव आज कापते. साडेतीनच्या एसटीनं बेटेगावला धाडा!"

नाव कापलं की ही पोरगी घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जाणार, हे बाईंनाही ठाऊक होतं आणि मलाही.

भांडण जरा इथंच राहू द्या. साठ सालानंतरची काही वर्षं पालघरला नर्सिंगच्या होस्टेलात मी आयाबाई होते. तिथले किस्से धुतलेल्या चादरींच्या चळतीसारखे. एक घडी ओढावी तर वरच्या चार अंगावर येतात!

आता म्हणे पोरींच्या मनावर ताण येतो, त्याला वेगळा डॉक्टर असतो. आम्ही म्हणायचो, "पोरगी हरवलीय." मग मी शोधायला निघायची.

* * *

गोदाक्का म्हणजे सरावाची बाहुली. बाईएवढी उंच, आत भाताचा पेंढा, शिवलेली मी. पोरींनी तिची खाट लावायची, ताप बघायचा, नाडी मोजायची, सगळं चार्टवर लिहायचं.

शेवंता किनाऱ्यावरची, भित्री. बाईंच्या चपला वाजल्या की हातातला ट्रे वाजायचा. तिनं गोदाक्काची नाडी लिहिली एकशेतीस.

"पेंढ्याची नाडी एकशेतीस?"

"माझीच मोजली, बाई. तुमी जवळ उभ्या होत्या ना!"

* * *

जानी आली ती पहिले चार दिवस बोललीच नाही. पाचव्या दिवशी गोदाक्काला कुशीवर वळवताना थांबली. नाक तिच्या खांद्याला लावलं.

"मावशी, ही आमच्या गावची हाय."

पेंढा मी बेटेगावहूनच आणला होता. सांगितलं मात्र कुणाला नव्हतं!

* * *

एकदा अंगणात पोरींच्या नर्सच्या टोप्या वाळत होत्या. खळ घातलेल्या, पांढऱ्याशुभ्र, भातात बगळे उतरावेत तशा. त्यांच्यासमोर जानी हातात खळीचं तसराळं घेऊन उभी. मी कपडे पिळून आले तरी उभीच. पापणी हलत नव्हती.

"काय गं, काय करतेस?"

"मावशी, मी घरी गेलेय. शेळी बांधते नि येते."

मी म्हटलं, "ये सावकाश." तिच्या हातातलं तसराळं तेवढं काढून घेतलं. जाताना कशाला ओझं?

* * *

मी शाळेची पायरी चढले नाही. औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बघून बघून अक्षर लावायला शिकले, कुणाच्या बापाचे उपकार नाहीत! गोदाक्काचा चार्ट मी रोज वाचायची. एक दिवस जानीच्या अक्षरात दिसलं : 'झोप : नाही. भूक : नाही. तक्रार : आई.'

बाईंना तो चावटपणा वाटला. लाल शाईनं 'आई' खोडलं.

दुसऱ्या दिवशी चार्टवर होतं : 'झोप : नाही. भूक : नाही. तक्रार : कालचीच.'

असे आठ दिवस.

* * *

नवव्या दिवशी ते भांडण. जानी गोदाक्काची चादर बदलायला गेली आणि तिथंच आडवी झाली. एक हात गोदाक्काच्या पोटावर, नाक तिच्या खांद्यात. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या पेंढ्याच्या वासानं सगळी खोली खळ्यासारखी झाली होती.

"उठवा तिला!" बाई.

"हात लावून बघा!" मी.

"मी वर कळवीन!"

"कळवा! तो चार्टही जोडा बरोबर!"

दाराशी पोरी भिंतीला चिकटून उभ्या. त्यांतून शेवंता निघाली. आमच्या दोघींच्या मधून सरळ खाटेपाशी गेली. जानीचं मनगट धरलं. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत, ओठ हलवत, पुरं एक मिनिट मोजलं. चार्टवर काहीतरी लिहिलं. मग वळली. 

"बाई, मावशी, दोघी बाहेर जाऊन भांडा. पेशंटला आज नवव्या दिवशी झोप लागली हाय."