एसटीतली दृष्ट

जळगाव-धुळे एसटीत ती अक्का माझ्या शेजारी बसली आणि माझ्या मांडीवरची बाटली सरळ उचलून बघायला लागली. परवानगी वगैरे भानगडी तिच्याकडे नव्हत्या. कानात ठसठशीत सोनं, हातात पेरूची फोड, मांडीवर मिठाची पुडी.

"काय शे यामा? सरबत?"

"सोनं," मी म्हणालो. वारंवार फसून अखेर जमलेल्या माझ्या प्रयोगाचा तो नमुना होता. सोन्याचे कण इतके बारीक, की पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसत होतं. धुळ्याला परीक्षकांसमोर तेच माझी अब्रू राखणार होतं. हे सगळं मी ऐटीत, मोठ्याने सांगितलं. जळगावच्या गाडीत सोन्याचं नाव काढल्यावर व्हायचं तेच झालं. पुढच्या माना मागे वळल्या.

अक्का खवळली. "बठ्ठी बस देखी राह्यनी!"

तिने चिमूटभर मीठ बाटलीवरून ओवाळलं. असं मीठ चुलीत टाकतात, पण एसटीत चूल कुठली? मी कंडक्टरकडून तिकीट घेईपर्यंत तिने झाकण उघडून ते बाटलीतच टाकलं.

लाल पाणी बघता बघता निळं पडलं.

"देख भाऊ, कितली नजर लागेल व्हती!"

मिठामुळे सोन्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि रंग बदलतो. पण माझा प्रयोग बुडाला होता, तिचा पहिल्याच फटक्यात यशस्वी झाला होता आणि साक्षीला अख्खी बस होती.

पारोळ्याला उतरताना तिने बाटली माझ्या हातात ठेवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"आते बिनघोर लई जाय."