तोफेवरून अडलेलं लग्न

माझ्या सासऱ्यांसारखा शब्दांची कुळी काढणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा झाला नाही, आणि झाला असता तर दोघांपैकी एकालाच नाशकात राहता आलं असतं. ते शाळेत मराठीचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर सगळं शहरच त्यांचा वर्ग झालं. भाजीबाजारात बटाटे मागताना ते "दोन किलो पोर्तुगीज द्या" म्हणायचे. कुणी पगारवाढीचे पेढे आणले, की पेढा तोंडात टाकून "पगारही पोर्तुगीजच, बरं का!" असं ऐकवायचे.

नव्वदच्या दशकात मी त्यांची मुलगी पाहायला गेलो, तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सोबत माझे वडील होते, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. देवळालीला तोफखान्यात हवालदार होते. पोहे खाता खाता ते सहज म्हणाले, "तोफ हा आपला अस्सल मराठी शब्द हाय. उडाली का आवाजच येतो, तोफ्!"

"तुर्की," सासरे म्हणाले. "तुर्कीत 'तोप' म्हणजे गोळा. किल्ल्यावर गोळे डागणारी ती तोफ."

"मी वीस वर्षं तोफेशेजारी काढली, मास्तर."

"तोफेशेजारी काढलीत, शब्दाशेजारी नाही!"

दादांनी अर्धी बशी खाली ठेवली आणि चपला शोधायला उठले. मला मुलगी मनापासून आवडली होती. तेवढ्यात चहा घेऊन आलेली तीच म्हणाली, "बाबा, तुम्ही तोफ उडताना कधी ऐकलीय?"

दादा दारातून वळले. "उद्या सराव हाय. येता का ऐकायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं सरावाच्या हद्दीबाहेरच्या माळावर उभे होतो. पहिला बार झाला, तशी सासऱ्यांची छत्री एकीकडे, टोपी दुसरीकडे, आणि त्यांनी दोन्ही हातांनी दादांचा दंड घट्ट धरलेला.

"काय ऐकू आलं?" दादांनी विचारलं.

टोपी झटकत सासरे म्हणाले, "शब्द तुर्कीच. आवाज मात्र मराठी आहे, मान्य!"

दादा इतके हसले, की लग्नाची बोलणी तिथंच माळावर उरकली.

पुढं दहा-बारा वर्षं दोघे भेटले की तेच भांडत. मग दादा गेले. त्यानंतर एकदा सासऱ्यांकडे गेलो असताना त्यांची शब्दांची वही आमच्या हाती आली. 'तोफ'पुढं लिहिलं होतं, 'तुर्की. व्याह्यांचं मत वेगळं आहे.'

बायको हळूच म्हणाली, "बाबा, आता 'आहे'चं 'होतं' करायला हवं ना?"

कुणाची वेलांटीही चुकू न देणाऱ्या सासऱ्यांनी वही मिटली. "राहू दे," ते म्हणाले. "मत बदलल्याचं त्यांनी मला कळवलेलं नाही."